चौथ्या फोटोपुढचा आवाज

अर्जदार : वडीगोद्रीच्या अलीकडील एका गावचे रहिवासी, वय अंदाजे पंचावन्न, धंदा शेतमजुरी, धर्म बौद्ध. एकाहत्तरच्या लढाईत कामी आलेल्या जवानाचे वडील.
जाबदार : नवीन जालन्यातील जवानांच्या स्मृती दालनाची कमिटी, तर्फे चिटणीस, निवृत्त मुख्याध्यापक.
घटनेचे ठिकाण : स्टेशनच्या रस्त्यावरील वाचनालयाच्या मागचे दालन.
घटनेचा काळ : लढाईनंतरचे तिसरे वर्ष, पोळ्यापासून होळीपर्यंत.
साक्षीदार : एक, दालनाचा शिपाई, जो टेपरेकॉर्डर चालवतो. दोन, रेडिओ दुरुस्त करणारा दुकानदार. तीन, आष्टीकडचा एक पेन्शनर फौजी. चार, मी स्वतः.

नावे मूळ अर्जात वडिलांच्या नावासकट दिलेली आहेत. येथे ती गाळली, कारण ही सर्व माणसे हयात आहेत आणि एकाच बाजारात एकमेकांना भेटतात. माझा हेतू कोणाची नालस्ती करण्याचा नसून घडलेली हकीकत क्रमाने मांडण्याचा आहे.

मी अर्जनवीस आहे. अंबडच्या तहसील कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली माझी पेटी असते. निजामाच्या अमदानीत मी उर्दू चौथी पास झालो. पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली, तेव्हा मोडी आणि बाळबोध दोन्ही मी स्वतःच्या हिमतीवर शिकलो. माझ्या हातचा अर्ज कारकुनाने परत फेकला असे सहसा घडत नाही. याचे कारण माझा एक नियम आहे : एका अर्जात एकच मागणी. ज्याला विहीर हवी त्याने भावाची तक्रार त्यात घालू नये. मागण्या दोन झाल्या की साहेब सोपी असेल ती मंजूर करतो आणि फाइल बंद करतो.

पोळा होऊन गेल्यावर एक दिवस अर्जदार माझ्या पेटीसमोर येऊन बसले. पांढरे धोतर, डोक्याला निळसर फेटा, हातात वेताची काठी. बसताना त्यांनी काठी आडवी ठेवली नाही, उभी धरली. अशी माणसे अर्ज लवकर मागे घेत नाहीत, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

"मुन्शीजी, अर्ज लिव्हायचाय."

"कशाबाबत?"

"आवाजाबाबत."

"शेजाऱ्याचा लाउडस्पीकर?"

"न्हाई. माझ्या पोराचा. त्यो लढाईत गेला. जालन्यात त्याचा फोटो लावलाय अन् फोटोपुढं हलगी वाजवून राह्यले."

मी लेखणी खाली ठेवली. मला स्वतःला हलगी आवडते, असे मी त्यांना मोकळेपणी सांगितले. कुस्तीचा फड असो की निवडणुकीची मिरवणूक, हलगी कडाडली की माझे रक्त उसळते. जवानासमोर ती वाजली तर त्यात कमीपणा कोणता?

अर्जदारांनी काठी दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाले, "तुमचं रगत उसळतंय, कारण तुम्ही ती ऐकली. आम्ही वाजवली. त्यात लई फरक हे, मुन्शीजी."

मग त्यांनी सांगितले ते असे. त्यांच्या घराकडे गावची हलगी पिढ्यान्‌पिढ्या होती. लग्न असो, मयत असो, देवाची जत्रा असो, बोलावणे आले की हातातला घास टाकून जायचे आणि वाजवायचे. मोबदला म्हणजे उरलेली भाकर, तीही अंगणाबाहेर उभे राहून. छप्पननंतर त्यांच्या वस्तीने दीक्षा घेतली आणि गावची ही कामे सोडली. अर्जदारांनी आपली हलगी स्वतःच्या हाताने चुलीत घातली.

"कातडं जळतानी असा वास सुटल्ता की पोराची माय म्हणली, आज चुलीवर काई शिजवू नका. उपाशी झोपलो. पण झोप लागली बिलकुल. गावानं मंग दोन सुग्या आम्हाला कामावर बोलावलं न्हाई. पोरगं तव्हा पाच वर्साचं व्हतं. त्यानं हलगीला कधी हात लावलाच न्हाई. अन् आता मेल्यावर त्याच्या गळ्यात बांधली."

या शेवटच्या वाक्यानंतर मी कागद घेतला. मात्र लिहिण्याआधी घटनास्थळ पाहणे हा माझा शिरस्ता आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी एस.टी.ने आम्ही दोघे जालन्यास गेलो.

दालन म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला चार जवानांचे मोठे फोटो, खाली काचेच्या कपाटात कोणाची टोपी, कोणाचा पट्टा, कोणाचे पदक. मधोमध लोखंडी स्टँडवर तोफेच्या गोळ्याचे रिकामे पितळी कवच. कोपऱ्यातल्या मेजावर स्पूलचा टेपरेकॉर्डर, आणि त्याची तार वरच्या कर्ण्यापर्यंत नेलेली. शिपाई बटण दाबतो आणि प्रेक्षकांची तुकडी आवाजाबरोबर पुढे सरकते, अशी योजना. प्रथम भोंगा, मग विमान, मग तोफा. त्यानंतर बिगुल वाजतो आणि एक भारदस्त आवाज सांगतो, "आता पहिल्या वीराकडे वळा." प्रत्येक फोटोपुढे त्या त्या जवानाच्या गावचा आवाज. पहिल्यासाठी देवळातली घंटा आणि काकडा. दुसरा आष्टीकडचा, म्हणून आठवडी बाजाराचा गलका. तिसरा जालन्याचाच, त्याच्यासाठी जिनिंग कारखान्याचा सकाळचा भोंगा. आणि चौथ्यापुढे हलगी.

आम्ही गेलो त्या दिवशी एका शाळेचा वर्ग आला होता. मी भिंतीला टेकून मुले पाहत उभा राहिलो. फोटोंकडे मी सुरुवातीला पाहिलेच नाही. विमान आले तेव्हा निम्म्या मुलांनी माना खाली घातल्या. तोफ झाली तेव्हा मुलींनी कानावर हात ठेवले. घंटा वाजली तेव्हा कोणी न सांगता सगळ्यांनी हात जोडले. बाजाराला ती हसली, पण शहाण्यासारखी. भोंग्याला ताठ उभी राहिली, जणू शाळा भरली. आणि मग हलगी लागली.

पाय हलू लागले. आधी एकाचे, मग रांगेचे. दोन मुलांनी खांदे उडवायला सुरुवात केली. शिक्षकांनी डोळे वटारले, पण त्यांचा स्वतःचा अंगठा चपलेत ठेका धरत होता. तो मी प्रत्यक्ष पाहिला आणि साक्षीत तसे लिहिले आहे. फोटोतला जवान टोपी तिरपी घालून सरळ समोर बघत होता.

अर्जदार माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बगा. बाकी तिघांपुढं पोरं नमस्कार करून राह्यली. माझ्या पोरापुढं नाचून राह्यली. त्यांचा काय कसूर? हलगी वाजली की नाचावं, हे त्यांच्या पायाला ठावं हे."

कचेरीत माझी जिंदगी गेली. पट्टेवाला बाहेर येऊन पुकारा करतो. एखाद्याचे तो नुसते नाव घेतो, एखाद्याला 'साहेब' लावतो, एखाद्याचे नाव अर्धे मोडून फेकतो. तोंडातून आवाज निघाला की त्या माणसाची पाठ वाकते किंवा सरळ होते. आत जाऊन न्यायाधीशासमोर उभा राहण्याआधीच त्याचा अर्धा निकाल लागलेला असतो. हे मी रोज पाहतो. त्या दिवशी दालनात मला कळले की मेलेल्या माणसालाही पुकारा असतो.

पहिला अर्ज मी त्याच रात्री लिहिला. विषय : चौथ्या छायाचित्रापुढील हलगीचा ध्वनी काढून टाकणेबाबत. कमिटीचे उत्तर महिनाभराने आले : ध्वनी तज्ज्ञांच्या सल्ल्याने निवडले असून बदल शक्य नाही. तज्ज्ञ कोण, याची मी चौकशी केली. टेप करणारी मंडळी जीप घेऊन गावात गेली होती. पाटलाच्या ओट्यावर चहा झाला. त्यांनी विचारले, या जवानाच्या गावचा आवाज कोणता घ्यावा? पाटील म्हणाले, त्यांच्या घराण्याची हलगी बारा गावांत गाजलेली. मग शेजारच्या गावातून एक हलगीवाला आणला, वाजवून घेतले आणि जीप परत गेली. वस्तीवर कोणी गेलेच नाही. इतर तिघांना गावाचा आवाज मिळाला. चौथ्याला मात्र बापाचा धंदा मिळाला, आणि तोही बापाने सोडून दिलेला.

मी हे सर्व दुसऱ्या अर्जात मांडले आणि समक्ष सुनावणी मागितली. ती मिळाली.

सुनावणी दालनातच झाली. चिटणीस गुरुजी आणि दोन सभासद खुर्च्यांवर, आमच्यासाठी बाकडे. गुरुजींबद्दल मी वाईट लिहिणार नाही. चौघांच्या घरी जाऊन फोटो त्यांनी स्वतः गोळा केले, काच स्वतः पुसतात. त्यांच्या मनात पाप नव्हते, आणि म्हणूनच त्यांना समजावणे कठीण होते.

"अरे, तू गैरसमज करून घेतलास," गुरुजी अर्जदारांना म्हणाले. "फोटो मुका असतो. लोक फोटोसमोर थांबत नाहीत, आवाज आला की थांबतात. हलगी म्हणजे वीररस! फडात हलगी नसेल तर पहिलवान लढतो का?"

"बराबर हे, गुरुजी. मंग तुमच्या नातवाच्या मुंजीत तुम्ही सोता गळ्यात बांधा अन् दारात उभं ऱ्हा. वीररस हे."

एक सभासद हसला आणि लगेच खोकला. गुरुजींचा चेहरा उतरला. मी उठून उभा राहिलो आणि नमूद केले की, अर्जदार हे शहीद जवानाचे वडील असून सुनावणीत त्यांचा उल्लेख 'तुम्ही' असा व्हावा. त्यानंतर तो तसाच झाला. ही गोष्ट लहान वाटेल, पण कामकाजात नोंद व्हावी म्हणून लिहितो.

गुरुजींनी कोपऱ्यातल्या टेपरेकॉर्डरकडे पाहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्हाला दुखावून आम्हाला काही मिळवायचं नाही. चौथ्या फोटोच्या वेळी आवाज बंद ठेवू."

मला वाटले, मागणी मंजूर झाली. परंपरेप्रमाणे मी आभाराचे दोन शब्द बोललो. मात्र पंधरवड्याने ते पुन्हा पेटीसमोर उभी काठी धरून बसलेले होते.

"तिकडं जाऊन आलो. शिपाई तिघांचं वाजवतो अन् माझ्या पोरापाशी आवाजाचं बटण खाली करतो. पोरं इचारतेत, 'याचं का न्हाई वाजत?' शिपाई म्हणतो, 'खराब झालं.' ऐका मुन्शीजी. हलगी व्हती तव्हा निदान पोरं थांबत व्हती. आता सरळ दाराकडं जात्यात. आधी नाचवलं, आता मुकं केलं."

मी शिपायाचा जबाब घेतला. तो बिचारा म्हणाला, "मी काय सांगू साहेब? फोटोवाल्याच्या बापानं बंद करायला लावलं म्हणून सांगू?"

येथे मला माझा नियम आठवला. काढून टाकणे ही एक मागणी होती, ती मिळाली आणि फाइल बंद झाली. आता नवी मागणी हवी होती, आणि काय नको हे सांगून ती होत नाही. काय हवे हे लिहावे लागते. मी अर्जदारांना तसे स्पष्ट सांगितले.

"मग तुम्हाला त्याच्यापुढे कोणता आवाज हवा?"

कचेरी सुटली, माणसे पांगली, मी पेटी आवरू लागलो, तेव्हा ते बोलले.

"त्यो पहिल्या सुट्टीवर आल्ता. वडीगोद्रीला एस.टी.तून उतरला अन् पायी आला. आमच्या वस्तीकडं यायला मुरमाची वाट हे. तिन्हीसांजेला बुटाचा आवाज आला. कर्र, कर्र. आमच्या वस्तीकडं बूट म्हंजी पोलीस, दुसरं कोण येणार? पोराच्या मायनं मला मागच्या दारानं घालवलं. मी पडवीआड दडलो. अन् आवाज दारात येऊन थांबला, अन् त्यो म्हणला, 'माय, मी हे.'" त्यांनी फेटा सारखा केला. "त्या वाटंवर पोलिसाशिवाय बुटाचा आवाज तव्हा पह्यल्यांदा आला. तेवढा आवाज मला पायजे. दुसरं काई नको."

मी तेहतीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो. यापेक्षा नेमकी मागणी माझ्याकडे कोणी आणलेली नाही. तिसरा अर्ज लिहायला मला शब्द शोधावे लागले नाहीत.

कमिटीने कळवले की असा आवाज उपलब्ध नाही आणि पुन्हा जीप पाठवण्यास खर्चाची तरतूद नाही. मी ठरवले की आवाज आपणच हजर करू. पुरावा पक्षकाराने आणायचा असतो, कमिटीने नव्हे. नवीन जालन्यात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानदाराकडे बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर होता. त्याचा एक जुना वाद मी लिहून मिटवला होता, म्हणून तो रविवारी यायला तयार झाला. चालायला माणूस हवा होता. अर्जदारांना मुलाचे बूट येत नव्हते, आणि ते घालायला त्यांचे मनही नव्हते. आष्टीकडचा एक पेन्शनर फौजी माझ्या ओळखीचा. तो मराठा शेतकरी कुटुंबातला, मिशा पिळदार, बोलणे कमी. हकीकत ऐकून म्हणाला, "बूट माझे आणतो. फौजीचे बूट फौजीनंच घालावे."

रविवारी सूर्य कलल्यावर आम्ही वस्तीच्या वाटेवर जमलो. दुकानदाराने मायक्रोफोन जवानाच्या घराच्या उंबऱ्याशी ठेवला. जवानाची आई आत बसली. बाहेर यायला तिने नकार दिला. फौजी वळणावर जाऊन उभा राहिला. दुकानदाराने हात वर केला आणि तो चालू लागला. छाती पुढे, पाऊल मोजून, सलामीला जातात तसा. मुरूम अगदी बरोबर करकरत होता. दारात येऊन त्याने टाच आपटली.

मी म्हणालो, "उत्तम."

"न्हाई," अर्जदार म्हणाले.

"का हो, बाबा?" फौजीने विचारले.

"ही मयताची चाल हे. त्यो मेल्यावर आमच्याकडं आला न्हाई, साहेब. जिता असतानी आला. सुट्टीवर. पाठीवर ट्रंक व्हती अन् घाई व्हती."

फौजीने मान हलवली. शेजारच्या घरातून कोणीतरी एक पत्र्याची ट्रंक आणली. त्यात दोन दगड घातले. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा पाऊल जड पडत होते आणि तरी पळत होते. वळणाजवळ एकदा बूट घसरला, त्याने तोल सावरला, आणि दाराशी येऊन तो धापा टाकत उभा राहिला.

अर्जदार काही बोलणार, तेवढ्यात आतून जवानाच्या आईचा आवाज आला, "असाच. असाच आल्ता."

दुकानदाराने विचारले, "घसरल्याचा आवाज कापू का?"

"हात लावू नका," अर्जदार म्हणाले.

तो स्पूल मी स्वतः जाऊन गुरुजींच्या हातात दिला, पोच घेतली. त्यांनी माझ्यासमोर तो ऐकला. ऐकून झाल्यावर चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. म्हणाले, "अर्जनवीस, मी समजलो. पण प्रेक्षकांना समजेल का? बूट कोणाचेही असू शकतात. कमिटीपुढे ठेवतो."

होळी होऊन गेली. कमिटीची बैठक झाली की नाही, ठाऊक नाही. दालन रोज उघडते. देवळाची घंटा वाजते, बाजार भरतो, कारखान्याचा भोंगा होतो, आणि चौथ्या फोटोपाशी शिपाई बटण खाली करतो. अर्जदार महिन्यातून एकदा तेथे जातात आणि तेवढा वेळ फोटोसमोर उभे राहतात. दुसरे कोणी थांबत नाही.

गुरुजींच्या शंकेला माझे उत्तर असे की, घंटाही कोणत्याही देवळाची असू शकते आणि बाजारही कोणत्याही गावचा. तरी मुलांनी हात जोडले, मुले हसली. आवाज कोणाचा आहे हे ऐकणाऱ्याला आधी सांगावे लागते. भारदस्त आवाजाने एक वाक्य वाढवावे : "हा जवान सुट्टीवर घरी येत आहे." एवढे पुरेल. याउपर न समजणारा प्रेक्षक तोफाही समजणार नाही.

करिता ही हकीकत छापील स्वरूपात जाहीर करून कमिटीस पुन्हा विनंती करतो की, पूर्वी दाखल केलेला स्पूल चौथ्या छायाचित्रापुढे, घसरलेल्या पावलासह, न कापता लावावा. आणि लावणे शक्य नसल्यास तसे कारणासह लेखी कळवावे. अर्जदार लेखी नकार घेण्यास तयार आहेत. गप्प बसवणे त्यांना मान्य नाही. उत्तर माझ्या पत्त्यावर, तहसील कचेरीचे आवार, कडुलिंबाखाली, अंबड, येथे पाठवावे. ते येईपर्यंत मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्मरणपत्र दाखल करीत राहीन, आणि प्रत्येकाची पोच घेईन.